पासबुकातले ३३० रुपये: अडचणीच्या दिवसासाठी घराची तयारी कशी करावी

आमच्या घरात सगळं अण्णांना माहीत असायचं. विम्याचा हप्ता कधी, घरपट्टीची पावती कुठे, गावच्या जमिनीचा गट नंबर काय, पतसंस्थेत किती आणि पोस्टात किती. आई घर चालवायची, पण या गोष्टी विचारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका पहाटे अण्णा छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत गेले. वय ५२.

तेराव्यानंतर आम्ही भावंडं कपाट उघडून बसलो. जूनमध्ये, म्हणजे सात महिन्यांनी, पासबुक चाळताना धाकट्याला तीन ओळी दिसल्या. दर वर्षी मे महिन्यात ३३० रुपये कापलेले. तो पंतप्रधान जीवनज्योती विम्याचा हप्ता होता. त्या विम्याचे दोन लाख रुपये आईला मिळायचे होते आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. उशिराचं कारण लिहून अर्ज दिला, खूप हेलपाटे झाले, शेवटी पैसे मिळाले. पण ते सात महिने आईने किराणा मोजून मापून भरला होता, हे मला आजही टोचतं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि उरलेली कागदपत्रं पलंगाखालच्या ट्रंकेत भिजली. वर्षभरात दोन्ही बघितलं, म्हणून हे लिहिते आहे. नुकतंच लग्न झालेल्यांना, पहिली नोकरी लागलेल्यांना, किंवा आईवडील साठीला आले आणि आता आपणच बघायला हवं असं जाणवलेल्यांना डोळ्यासमोर ठेवून. माझ्या मते घराला सगळ्यात मोठा धोका पुराचाही नाही आणि आजारपणाचाही नाही. घरची सगळी माहिती एकाच माणसाच्या डोक्यात असते, तो आहे. खालच्या सगळ्या पायऱ्या ती माहिती दुसऱ्या माणसापर्यंत पोचवण्यासाठी आहेत.

पहिली पायरी: विषय काढायचा

हीच पायरी सगळ्यात अवघड. आपल्याकडे मरणाचं नाव काढलं की "अभद्र बोलू नकोस" म्हणून वडीलधारी माणसं उठून जातात. त्यांना "तुमच्यानंतर काय?" असं कधीही विचारू नका. सुरुवात स्वतःपासून करा. "बाबा, मी रोज गाडीवरून जाते. मला काही झालं तर माझं खातं कुठे, विमा कुठे, हे मी या वहीत लिहून ठेवलंय. तुम्ही एकदा बघून घ्या." मुलीने किंवा मुलाने आपली वही पुढे ठेवली की आठ पंधरा दिवसांत वडील आपणहून "माझंही लिहून घे" म्हणतात. सगळ्या घरांत असं होत नाही, पण बऱ्याच घरांत होतं.

वेळ निवडताना दिवाळीच्या आधीची आवराआवर उत्तम. कपाटं उघडलेलीच असतात, जुन्या पिशव्या बाहेर आलेल्या असतात, आणि "हे कसलं सर्टिफिकेट?" हा प्रश्न त्यात अगदी सहज खपून जातो. आजारपणात, दवाखान्यातून घरी आल्या आल्या हा विषय नको. तेव्हा माणूस घाबरलेला असतो आणि मुलं आपल्या पैशांकडे बघताहेत असं त्याला वाटू शकतं.

दुसरी पायरी: एक वही

मोबाइलमधली यादी नको. मोबाइल बंद पडतो, त्याला कुलूप असतं. दोनशे पानी साधी वही घ्या आणि निळ्या शाईने, घरातल्या सगळ्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहा.

बँकेचं नाव, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, खातं एकट्याचं की दोघांचं. ठेवीची पावती कुठे ठेवली आहे. लॉकर असेल तर कुठल्या शाखेत आणि किल्ली कुठे. पोस्टातली आवर्ती ठेव, पीपीएफ, एलआयसीच्या पॉलिसींचे क्रमांक. नोकरी असेल तर भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक. गट नंबर, घराचा मिळकत क्रमांक, वीजबिलाचा ग्राहक क्रमांक, गॅस कुणाच्या नावावर. पिन आणि पासवर्ड मात्र या वहीत लिहू नका.

इतकं बहुतेक लोक लिहितात. जे लिहीत नाहीत ते हातउसने, भिशी आणि जामीनकी. अण्णांनी एका मित्राच्या कर्जाला जामीनदार म्हणून सही केली होती. ते आम्हाला कळलं पतसंस्थेची नोटीस आली तेव्हा. म्हणून तीन पानं वेगळी राखा. कुणाला दिलेत, कुणाचे घेतलेत, कुणासाठी सही केली आहे. सोनं तारण ठेवलं असेल तर तेही इथेच. ही पानं लिहिताना लाज वाटते, हे मला माहीत आहे. तरी लिहा. ही माहिती दुसऱ्या कुठल्याही कागदावर सापडत नाही.

पतसंस्थेबद्दल आणखी एक. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेव विमा महामंडळाचं पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. जास्तीच्या अर्ध्या टक्क्यासाठी घरची सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत असेल, तर वही लिहिताना ते डोळ्यासमोर येईल. त्यातली थोडी तरी हलवा.

तिसरी पायरी: फाईल, आणि नावांचा घोळ

वहीत माहिती, फाईलमध्ये कागद. आधार, पॅन, रेशनकार्ड, जन्मदाखले, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, घराचं खरेदीखत, सातबारा, पॉलिसी, गाडीचं आरसी. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद झिप असलेल्या जाड प्लास्टिक पिशवीत ठेवा, झेरॉक्सचा एक संच दुसऱ्या गावातल्या नात्यातल्या माणसाकडे. आमचा संच आता आत्याकडे मिरजेला आहे. डिजिलॉकरवर आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी बारावीची गुणपत्रकं ठेवता येतात. पुरात भिजले तरी तिथे सापडतात.

खरा घोळ नावांचा असतो आणि आपल्याकडच्या बायकांना तो सगळ्यात जास्त भोवतो. माझ्या आईचं माहेरचं नाव कुसुम, लग्नात ठेवलेलं सुनंदा. शाळेच्या दाखल्यावर कुसुम आणि वडिलांचं आडनाव, आधारवर सुनंदा आणि सासरचं आडनाव, माहेरच्या सातबारावर पुन्हा कुसुम. दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा एकही कागद घरात नव्हता. लग्न १९८९ चं, नोंदणी केलेली नव्हती.

तुमच्या घरातल्या प्रत्येक बाईचे सगळे कागद एका ओळीत मांडा आणि नावाचं स्पेलिंग, मधलं नाव, जन्मतारीख जुळते का बघा. लग्नाची नोंद झाली नसेल तर ती आता करून घ्या, उशिराही करता येते. नाव पूर्ण बदललं असेल तर राज्याच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देता येते आणि त्याची प्रत पुढे सगळीकडे चालते. छोटा फरक असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याच ठिकाणी पुरतं. हे काम माणूस हयात असताना एक दोन फेऱ्यांत होतं. नंतर त्याला वर्ष जाऊ शकतं, कारण तेव्हा सही करणारं माणूसच नसतं.

चौथी पायरी: नॉमिनी

प्रत्येक खातं, ठेव, पॉलिसी, म्युच्युअल फंड, डिमॅट आणि सोसायटीतला फ्लॅट, सगळीकडे नॉमिनी लावलेला आहे का ते तपासा. "लावला असेल" हे उत्तर धरू नका, पासबुकावर किंवा ॲपमध्ये डोळ्यांनी बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार जणांपर्यंत नॉमिनी लावता येतात आणि कुणाला किती टक्के तेही ठरवता येतं. नवऱ्या बायकोचं खातं "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" या पद्धतीचं करून घेतलंत तर एकाच्या पश्चात दुसऱ्याचा व्यवहार अडत नाही.

नोकरदारांनी भविष्य निर्वाह निधीचं नामनिर्देशन ऑनलाइन करावं. लग्नाआधी आईचं नाव दिलं असेल तर लग्नानंतर ते नव्याने करावं लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. या निधीबरोबर ईडीएलआय नावाचा विमा आपोआप येतो. सेवेत असताना कर्मचारी गेला तर त्यातून कुटुंबाला जास्तीत जास्त सात लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. कारखान्यात, शोरूममध्ये काम करणाऱ्या कितीतरी घरांना हे माहीतच नसतं.

आता नीट समजून घेण्याची गोष्ट. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक किंवा सोसायटी पैसे, शेअर, फ्लॅट कुणाच्या हाती सोपवेल, एवढंच नॉमिनी ठरवतो. मालकी ठरते वारसा कायद्याने किंवा मृत्युपत्राने. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. आयुर्विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांचीच मानली जाते, तो अपवाद. थोरल्याचं नाव नॉमिनी म्हणून लावलं म्हणजे घर थोरल्याला दिलं, अशा समजुतीत किती भावाबहिणींची बोलणी बंद झाली आहेत. त्यावरचा उपाय पुढच्या पायरीत आहे.

पाचवी पायरी: मृत्युपत्र

मृत्युपत्र श्रीमंतांचं काम आहे असं वाटतं. एक खोली, दहा गुंठे आणि दोन मुलं असली तरी ते लागतं. स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हस्ताक्षरात किंवा टाइप करून चालतं. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. साक्षीदारांनी आपल्यासमोर सही होताना पाहिलेली असावी. ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान बघा, म्हणजे गरज पडली तर ते सांगायला असतील. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी सक्तीची नाही, पण माझं मत विचाराल तर करा. वय जास्त असेल तर शुद्धीत आणि समजून सही केल्याचा डॉक्टरांचा दाखलाही त्याच दिवसाचा जोडा.

वाडवडिलार्जित मिळकतीत माणूस फक्त आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करू शकतो. हिंदू कुटुंबात २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही त्यात जन्माने हक्क आहे, त्यामुळे "पोरींचं लग्नात झालं" हे धरून लिहिलेला कागद पुढे भांडणच आणतो. मुस्लिम कुटुंबात वसियत साधारण एक तृतीयांश मालमत्तेपुरतीच करता येते. गोव्यात तर रीतच वेगळी आहे. तिथे निम्मी मालमत्ता मुलाबाळांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असते आणि नवरा बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणून डिचोलीतल्या चुलत भावाचं मृत्युपत्र बघून सावंतवाडीत आपलं करू नका. एकदा वकिलाला दाखवा. एका भेटीची फी पुढच्या दाव्यापेक्षा कितीतरी कमी असते.

सहावी पायरी: स्वस्तातला विमा आधी

मोठ्या पॉलिसीबद्दल सांगणारे एजंट भरपूर आहेत, म्हणून त्यात जात नाही. घरात कमावणारा कुणीही असो, बँकेत जाऊन दोन अर्ज भरा. जीवनज्योती विमा १८ ते ५० वयात घेता येतो आणि ५५ व्या वर्षापर्यंत चालतो. वर्षाला ४३६ रुपये, कुठल्याही कारणाने मृत्यू आला तर दोन लाख. नव्याने घेणाऱ्याला पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूचं संरक्षण असतं. दुसरा पंतप्रधान सुरक्षा विमा, १८ ते ७० वयासाठी, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. मेच्या शेवटी खात्यात पैसे नसले तर विमा गुपचूप बंद पडतो.

शेतकरी कुटुंबांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. सर्पदंश, वीज पडणं, विहिरीत बुडणं, रस्त्यावरचा अपघात अशा मृत्यूंना दोन लाखांचं साह्य मिळतं. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा. मुदत थोडी असते, सुतकात ती संपू देऊ नका.

सातवी पायरी: रात्री अडीच वाजता काय?

अण्णांच्या वेळी आमची वीस मिनिटं कुठल्या दवाखान्यात न्यायचं यात गेली. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे हृदयाची सोय नव्हती, मग दुसरीकडे. आज हे दुपारच्या निवांत वेळेत ठरवून ठेवा. हृदयासाठी कुठे, अपघातासाठी कुठे, बाळंतपणासाठी कुठे, साप चावला तर विषावरचं औषध कुठे असतं. ग्रामीण रुग्णालयात जाऊन विचारा, सांगतात. रात्री कुणाची गाडी आणि कोण चालवणार, तेही.

महाराष्ट्रात १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. पोलीस, आग, काहीही असलं तर ११२. गॅसचा वास आला तर १९०६. आणि खात्यातून ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर ताबडतोब १९३०. हे चार नंबर दाराच्या मागे मोठ्या अक्षरात चिकटवा. त्याखाली घरातल्या प्रत्येकाचं नाव, रक्तगट, चालू गोळ्या आणि कशाची ॲलर्जी. डॉक्टर पहिला प्रश्न "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" असाच विचारतात आणि त्या वेळी "पांढरी छोटी गोळी" याशिवाय काही आठवत नाही. गोळीचं पाकीट फेकू नका, रिकामं झालं की फाईलमध्ये ठेवा.

घरातल्या एकाने तरी छातीवर दाब द्यायला शिकून घ्यावं. माणूस बेशुद्ध आहे, श्वास नाही, तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटीमीटर खोल दाब, मदत येईपर्यंत. वाचून ते हातात येत नाही, एकदा प्रशिक्षणात करून बघा. आणि चेहरा वाकडा झाला, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय असं दिसलं तर "झोपून बरं वाटेल" म्हणू नका. पक्षाघातात गाठ विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लक्षणं किती वाजता सुरू झाली ते घड्याळ बघून लिहून ठेवा.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे, पण ती ठरलेल्या आजारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांतच. दाखल झाल्या झाल्या तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतीसाठी रुग्णालयात बसलेल्या माणसाला, गाठा. बिल झाल्यावर विचारून उपयोग होत नाही.

वेदनेने तळमळणाऱ्या, बरं होण्याची आशा नसलेल्या आईला व्हेंटिलेटरवर ठेवायचं का, हा प्रश्न ज्यांच्यावर आला आहे त्यांनाच त्याचं वजन कळतं. माणसाने आधीच लिहून ठेवलं असेल तर मुलांच्या छातीवर तो दगड राहत नाही. असं वैद्यकीय इच्छापत्र करायला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. माझ्या आईने ते केलं आहे. करताना मी रडले, ती नाही.

आठवी पायरी: पाणी चढायच्या आधी

नदीकाठच्या माणसाला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाणीपातळीचे आकडे पाठ असतात. सांगलीत ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. आमची चूक अशी झाली की आम्ही आकड्याऐवजी भिंतीवरची खूण धरली. २००५ च्या महापुराची रेघ जिन्यावर होती, "त्याच्या वर पाणी येत नाही" असं सगळी गल्ली म्हणत होती. २०१९ मध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चिपळूणकरांनी २२ जुलै २०२१ ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी काही तासांत दुकानांच्या वर चढताना बघितलं. जुनी रेघ फक्त मागच्या पुराबद्दल सांगते.

म्हणून ठरवून टाका, अमुक आकडा आला की आपण निघायचं. आमच्या घरी आता ठरलं आहे, इशारा पातळी ओलांडली आणि धरणांतून विसर्ग वाढतोय असं कळलं की आई आणि मुलं दिवसाउजेडी आत्याकडे. शेवटच्या नावेची वाट बघायची नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ लोकांना नेणारी नाव उलटली आणि माणसं गेली. त्या दिवसानंतर "थांबू थोडं, उतरेल" हे वाक्य मला ऐकवत नाही.

निघताना काय? कागदांची पिशवी, आठ दिवसांच्या गोळ्या, चष्मा, चार्जर आणि पॉवर बँक, बॅटरी, सुटे पैसे, प्यायचं पाणी, भडंग किंवा चिवडा, लहान मुलांचे कपडे, बायकांचे पॅड. वीज गेली की यूपीआय चालत नाही आणि एटीएमही बंद असतं, म्हणून दोन तीन हजार रोख, शंभर आणि पन्नासच्या नोटांत. मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, सिलिंडर तरंगू नये म्हणून बांधलेला. गोठा असेल तर जनावरं आधी हलवा, आणि शक्य नसेल तर दावी सोडून द्या. बांधलेलं जनावर जागेवर मरतं.

घरात कुणाची जबाबदारी कुणावर, हेही नावानिशी. आजीला कोण उचलणार, पिशवी कोण घेणार. मुलांना दोन मोबाइल नंबर तोंडपाठ हवेत. आमच्या लहानपणी घरचा फोन नंबर पाठ असायचा, आता मुलांना आईचाही येत नाही. संध्याकाळी पाढ्यांबरोबर म्हणून घ्या.

नववी पायरी: माणूस गेल्यानंतरचे पहिले दिवस

हे आधीच वाचून ठेवा, कारण त्या दिवसांत डोकं चालत नाही. घरातलं एक शांत माणूस, जावई असो की चुलता, या कामाला नेमा. जवळच्यांना रडू द्या.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. दवाखान्यात मृत्यू झाला तर तिथून कळवतात, घरी झाला तर ग्रामपंचायत किंवा पालिकेत आपणच जायचं. नोंद होताना नाव आधारप्रमाणेच लिहिलंय ना, हे तिथेच उभं राहून बघा. दाखल्याच्या दहा प्रती एकदमच घ्या, त्या लागतात. मृत्यू अपघाती असेल तर पोलिसांत नोंद, पंचनामा आणि शवविच्छेदन टाळू नका. "देहाची चिरफाड नको" ही भावना मला समजते, पण त्या कागदांवाचून अपघाती विम्याचा दावा सहसा पुढे सरकत नाही.

गेलेल्या माणसाच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नका. दहाव्याचा खर्च समोर असतो, पिन माहीत असतो, हात जातो. पण ते बेकायदेशीर ठरतं आणि पुढे भावाभावांत तेच निघतं. नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार असेल तर सगळी कागदपत्रं दिल्यापासून १५ दिवसांत बँकेने दावा मार्गी लावायचा असतो. सिमकार्ड लगेच बंद करू नका, वर्षभर छोटा रिचार्ज मारत राहा, ओटीपी त्यावरच येतात. पासबुक मात्र ताबडतोब भरून आणा आणि मागच्या तीन वर्षांची प्रत्येक छोटी वजावट ओळीवर बोट ठेवून वाचा.

शेतजमीन असेल तर तलाठी कार्यालयात, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत द्या. तो ई-हक्क या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइनही देता येतो. सगळ्या वारसांची नावं द्या, लेकींचीही. नॉमिनी नसलेल्या ठेवींसाठी किंवा शेअर्ससाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र काढावं लागू शकतं, त्याला महिने जातात. बँकेत जुनं खातं होतं पण कुठे ते माहीत नाही, अशा वेळी रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नावाने शोधता येतं. दहा वर्षं हात न लागलेल्या ठेवी तिथे दिसतात.

आणि आईकडे लक्ष द्या. नवरा गेलेल्या बाईला पहिल्या महिन्यात खूप कागदांवर सह्या करायला लावतात. वाचून दाखवल्याशिवाय तिला एकही सही करू देऊ नका, अगदी सख्ख्या दिराने आणलेल्या कागदावरही. हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला वाटा सोडल्याचा कागद, असं दुःखाच्या भरात कधी होऊ नये. घरात झोप नाही, जेवण नाही, मूल गप्प झालंय, असं महिनाभर चाललं तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. पैसे पडत नाहीत.

दहावी पायरी: दर महिन्याला एक काम

बँकेत जाणं, चेक भरणं, विजेचं बिल भरणं, यांतलं एक काम दर महिन्याला घरातल्या अशा माणसाने करायचं ज्याने ते कधी केलेलं नाही. आमच्याकडे आई पहिल्यांदा एकटी बँकेत गेली तेव्हा पैसे भरायची स्लिप तिने तीनदा लिहिली. आता शेजारच्या दोघींना ती बरोबर नेते.

वही वर्षातून एकदा उघडायची. वाढदिवस वगैरे नको, विसरतो. आम्ही २५ मे ठरवला आहे. त्या दिवशी धाकटा पुण्याहून येतो, आंब्याचा रस होतो, आणि जेवणाआधी आई सगळ्यांची पासबुकं समोर मांडते. ४३६ आणि २० रुपये कापून जातील इतके पैसे प्रत्येकाच्या खात्यात आहेत का, ते ती स्वतः बघते आणि वहीत तारीख टाकते.